उत्तराची गोष्ट अर्ध्यावर का थांबवता?

फजिती होणारा नायक मुलांसमोर ठेवूच नये, असा आग्रह सध्या रायपूरच्या मराठी मंडळींत धरला जातोय. निमित्त छोटं आहे. इथे भनपुरीत काही मुलं कागद, पेन्सिल आणि लुडोचे दोन फासे घेऊन एक रोल-प्लेइंग गेम खेळतात. त्यातला नायक वीर व्हायला घराबाहेर पडलेला, पण अंगी कसलंही कसब नसलेला एक पोरगा आहे. हा खेळ उन्हाळी बालशिबिरात घ्यावा असं सुचवलं गेलं, तेव्हा काही ज्येष्ठांनी विरोध केला आणि विरोधाची कारणं लिहून सगळ्यांना धाडली. ती मी लक्षपूर्वक वाचली. लिहिणाऱ्यांना मुलांची कळकळ आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांचं म्हणणं मुळातच चुकलं आहे. ते तसंच मान्य झालं तर शिबिरातून एक खेळ जाईल एवढ्यावर भागणार नाही. पराक्रम म्हणजे काय, हेच आपण मुलांना उलटं शिकवून बसू.

आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा खेळ पाहिलेला नाही, म्हणून आधी तो कसा चालतो ते सांगायला हवं. एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो: गावच्या देवळातली घंटा खारून नदीच्या डोहातल्या राक्षसाने पळवली आहे, ती परत आणायची आहे. बाकीची मुलं वीर व्हायला निघालेला तो पोरगा आणि त्याचे सोबती होतात. कोणी काय करायचं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि मग फासे टाकायचे. दोन फाशांची बेरीज ८ किंवा त्याहून जास्त आली तर जमलं, नाहीतर फसलं. हिशेब करून पाहा. दोन फासे ३६ तऱ्हांनी पडतात आणि त्यांतल्या १५ तऱ्हांतच बेरीज ८ किंवा वर जाते. म्हणजे एकट्याने काही करायला गेलं तर फसण्याचीच शक्यता जास्त. पण खेळात आणखी एक नियम आहे. ‘हे मला जमत नाही’ असं नायकाने सगळ्यांसमोर मोकळेपणी सांगितलं आणि सोबत्याने हात दिला, तर बेरजेत २ मिळवायचे. मग ३६ पैकी २६ तऱ्हांत काम होतं. आणि फसलं तरी डाव संपत नाही. फसलेल्या कामापुढे कागदावर एक खूण करायची. तीन खुणा झाल्या की त्या कामातलं कसब एकाने वाढतं.

भनपुरीतल्या एका डावात एक मुलगा नायक झाला होता. डोक्याला शिरस्त्राण म्हणून पातेलं घालून निघालेला त्याचा वीर डोहाच्या काठावर आला. राक्षसाला आव्हान देणारं लांबलचक भाषण त्याने ठोकलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूत्रधार मुलगी म्हणाली, आता उडी मार. मुलगा थबकला. त्याने कागदाकडे पाहिलं. पोहण्यापुढे शून्य होतं. मग तो छत्तीसगढीत म्हणाला, ‘मोला नइ आवय’, म्हणजे मला येत नाही. मुलं खदखदून हसली आणि त्याच हशात दोघींनी मदतीचा हात पुढे केला. एक ओंडका कापून आणते म्हणाली, दुसरी दोर धरून काठावर उभी राहते म्हणाली. घंटा त्या दिवशी मिळाली की नाही, हे महत्त्वाचं नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी मला एवढंच सांगावं, की या प्रसंगात नेमकी कशाची टिंगल झाली? भाषणाची झाली. ती व्हायलाच हवी होती. पोहता येत नसल्याची मात्र झाली नाही. ते कबूल केलं, त्या क्षणापासून तर डाव पुढे सरकला.

‘आपल्या संस्कृतीत नायक असा नसतो’ हे त्यांचं सगळ्यांत ठाम वाक्य आहे. ते लिहिणाऱ्यांनी महाभारतातलं विराटपर्व ऐकलेलं नाही असं कसं म्हणू? कीर्तनात ते सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. अडचण अशी, की आपण ते अर्धंच ऐकतो. कौरवांनी विराटाच्या गायी वळवल्या, राजा दुसऱ्या बाजूला सुशर्म्याशी लढायला गेला होता, तेव्हा राजपुत्र उत्तर अंतःपुरातल्या स्त्रियांसमोर बढाया मारू लागला: सारथी नाही म्हणून, नाहीतर एकट्याने कौरवांना पिटाळलं असतं. सारथी म्हणून बृहन्नडा मिळाली. रणात पोचल्यावर समोरचं सैन्य पाहून उत्तराच्या अंगावर काटा उभा राहिला, त्याने रथातून उडी टाकली आणि पळत सुटला. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्याच्यामागे धावला आणि ते पाहून कौरवांचे सैनिक हसले. पकडल्यावर उत्तर गयावया करू लागला, सोनं देतो, रत्नं देतो, हत्ती देतो, मला सोड. इथवर श्रोते पोट धरून हसतात आणि इथेच बहुतेकांची गोष्ट थांबते.

पुढे काय होतं? अर्जुन त्याला हाकलून देत नाही, धिक्कारतही नाही. लढायचं मी, लगाम तू धर, एवढंच सांगतो. म्हणजे उत्तराला आज जे काम झेपेल, ते त्याच्या हाती देतो. शमीच्या झाडावर चढून शस्त्रं खाली काढतो तो उत्तरच. मघाशी ज्या सैन्याला भिऊन तो पळाला होता, त्याच सैन्यात रथ घालतो तोही उत्तरच. युद्ध जिंकून परतल्यावर अर्जुन त्याला, विजय तुझाच म्हणून सांग, अशी मुभा देतो. सकाळी बढाया मारणाऱ्या या मुलाला आयतं श्रेय मिळत होतं. तरीही वडिलांसमोर तो सांगतो, हे मी केलेलं नाही, एका देवपुत्राने केलं. मला या सगळ्या कथेत हे वाक्य सर्वांत मोठं वाटतं. आणि मग कुरुक्षेत्र. युद्धाच्या पहिल्याच दिवशी हाच उत्तर हत्तीवर बसून मद्रराज शल्यावर चालून जातो, त्याच्या रथाचे घोडे मारतो आणि शल्याच्या शक्तीने मरण पावतो. एकदा पळालेला मुलगा या वेळी पळाला नाही, तो रणात पडला.

महाभारताला वीर दाखवायला उत्तराची गरज नव्हती. वीरांची तिथे रांग लागली आहे. तरी त्याच्यासाठी एवढी जागा दिली आहे, कारण अर्जुन जन्मतःच अर्जुन असतो आणि ऐकणारे आपण सगळे उत्तर असतो. भनपुरीतला पोरगा डोक्यावर पातेलं घालून निघतो, तेव्हा तो उत्तराच्याच वाटेने निघालेला असतो. फरक एवढाच, की कीर्तनात त्याला हसून आपण घरी जातो, आणि या खेळात त्याच्या जागी उभं राहून पुढची गोष्ट स्वतःला घडवावी लागते. हा लहान फरक नाही. ऐकलेली फजिती दुसऱ्याची असते. खेळलेली स्वतःची असते, आणि तिच्यातून बाहेर पडायची वाटही स्वतःलाच शोधावी लागते.

बरं, महाभारत लांब राहिलं. आपण राहतो ते छत्तीसगडात. इथल्या ‘नाचा’ या लोकनाट्यात रात्रभर गम्मत चालते, आणि लोकांच्या आठवणीत राहतो तो जोक्कड, म्हणजे विदूषक. मालकाचा हुकूम उलटा ऐकणारा, मार खाणारा, आणि शेवटी गावातला खरा अन्याय चारचौघांत बोलून दाखवणारा. राजनांदगाव भागातल्या रवेलीचे दाऊ मंदराजी यांनी आपलं घरदार या कलेपायी लावलं. याच मातीतले नट घेऊन रायपुरात जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी १९७५ साली ‘चरणदास चोर’ हे नाटक उभं केलं. १९८२ मध्ये एडिनबरोच्या फ्रिंज महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. श्याम बेनेगल यांनी त्यावर मुलांसाठी चित्रपट केला. त्यात आपली स्मिता पाटील होती.

चरणदास कोण आहे? चोर आहे. गुरूसमोर थट्टेवारी व्रतं घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. असं काही आपल्या वाट्याला कधी येणारच नाही, म्हणून तो बिनधास्त शपथ घेतो. गुरू आपल्याकडून एक व्रत घालतो, खोटं बोलायचं नाही. मग एकेक गोष्ट खरोखर त्याच्या वाट्याला येत जाते आणि तो प्रत्येक व्रत पाळतो. राणी चिडते आणि चोर जिवाला मुकतो. या नाटकाने मुलं चोर झाल्याचं कोणी म्हणत नाही. रायपूर त्याचा अभिमान बाळगतं, आणि बाळगावाच. मग त्याच शहराच्या एका टोकाला मुलं तसाच नायक खेळू लागली की अचानक संस्कृतीला धोका कसा निर्माण होतो? नाटकात चालतो तो नायक खेळात का चालू नये, याचं एकही कारण त्या पत्रात दिलेलं नाही.

मराठीतही पाहा. बडोद्यात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींनी चिमणराव लिहिला. प्रत्येक ठिकाणी हा भिडस्त माणूस मोठेपणाची हौस करायला जातो आणि तोंडघशी पडतो. त्याच्यावर दोन-तीन पिढ्या वाढल्या. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी तो साकारला तेव्हा घराघरांतली कामं थांबत. त्या पिढ्या भेकड निघाल्या का?

‘परदेशी खेळांची नक्कल’ हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. तरीही परदेशाकडे पाहायचंच असेल तर नीट पाहू. सूत्रधार, फासे आणि पात्राचा कागद हा साचा १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधून आला, हे खरं आहे. साचा घेतला म्हणून त्यात ओतलेलं परकं होत नाही. बाजाची पेटी बाहेरून आली आणि आपल्या संगीत नाटकांत, भजनांत रुजली. ही तुलना मी एकदाच करते आणि पुढे जाते, कारण त्याहून महत्त्वाचं सांगायचं आहे.

संगणकावरच्या खेळांत फजित नायकाचा सर्वांत चांगला खेळ मला १९८९ चा ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’ वाटतो. लोरी आणि कोरी कोल या दांपत्याने तो सिएरा कंपनीसाठी केला. त्यातला नायक वीर होण्याचं शिक्षण पत्रद्वारे घेतो आणि प्रमाणपत्राच्या जोरावर श्पीलबुर्ग नावाच्या दरीत येऊन पोचतो. तिथे त्याला झाडावरही धड चढता येत नाही. पण झाडावर चढायचा प्रयत्न केला आणि पडलो, तरी चढण्याचं कसब थोडं वाढतं. दगड मारून नेम चुकला तरी फेकण्याचं वाढतं. पुन्हा पुन्हा करत राहिलं, की एक दिवस तो चढतो. खेळात एक खोडकर जागाही आहे: कुलूप उघडायची तार नायकाने नाकात घालावी असा हुकूम देता येतो. कसब कमी असेल तर तो तिथल्या तिथे मरतो; पुरेसं असेल तर निभावतो आणि कुलूप उघडण्यात थोडा तरबेज होतो. हसू येतं. पण हे हसू ज्या नियमावर उभं आहे तो नियम गंभीर आहे: जन्माने कोणालाच काही मिळत नाही, हाताने केलेलंच अंगी लागतं. मालिकेचे पाच भाग निघाले आणि पहिल्या भागात घडवलेला नायक पुढच्या भागात नेता येत असे. कमावलेलं वाया जात नसे. शिबिरात मुलांना आपण हेच शिकवणार होतो ना?

सगळेच विनोदी खेळ चांगले असतात असं मी म्हणत नाही. २००४ चा ‘द बार्ड्स टेल’ घ्या. त्यातला भाट स्वार्थी आहे, पैसा आणि बायका यांपलीकडे त्याला काही दिसत नाही. वाटेत ‘मीच तो निवडलेला वीर’ म्हणून निघालेली कोवळी पोरं मरून पडतात आणि तिथली भुतावळ त्यांच्यावर गाणं म्हणते. हे लेखन चतुर आहे, पण त्यातलं हसू दुष्ट आहे. वीर होऊ पाहणंच मूर्खपणाचं, असं ते सुचवतं. आमच्या ज्येष्ठांनी या खेळावर बोट ठेवलं असतं तर मी त्यांच्या बाजूने उभी राहिले असते. त्यांना ज्याची भीती वाटते ते इथे आहे. भनपुरीच्या खेळात ते नाही. तिथे हसू बढाईवर आहे आणि हात धडपडीला आहे. हा भेद न करता सगळ्या विनोदाला एकाच दावणीला बांधणं म्हणजे चिमणराव आणि निव्वळ शिवीगाळ यांत फरक न करणं.

‘त्यापेक्षा शिवाजी महाराजांवर खेळ करा’ असंही पत्रात लिहिलं आहे. जरूर करावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला, तो आपल्या पुराणकथांवर बेतलेला आणि गंभीर आहे. तसे आणखी खेळ यावेत. पण महाराजांवर खेळ करताना मी एक अट घालेन. १६६५ चा पुरंदरचा तह त्यात हवा. २३ किल्ले मिर्झाराजे जयसिंगाला देऊन टाकण्याचा निर्णय खेळणाऱ्याच्या हातून व्हायला हवा आणि तो घेताना त्याच्या पोटात कालवलं पाहिजे. कारण तो दिवस वगळला तर १६७० मध्ये किल्ले परत घेतल्याची किंमत कोणाला कळणार? महाराजांची कुठल्याही विनोदी नायकाशी तुलना करायचा प्रश्नच नाही, तसं करणं मलाही खपणार नाही. पण ज्या खेळात नायक एकदाही मागे हटत नाही, तो खेळ महाराजांचाही नाही. त्यांच्यावर भक्ती करणाऱ्यांनीच हरण्याला घाबरावं, हे मला समजत नाही.

शेवटचा आक्षेप वेळेचा आणि व्यसनाचा. खेळांचं व्यसन लागतं, मुलं बिघडतात. हे वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटलं, कारण खरा धोका कुठे आहे हे या राज्यात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. महादेव सट्टा ॲपचा धंदा भिलाईतून वाढला, तपास ईडीपर्यंत गेला, नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ते बंद केलं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केला, आणि त्याच कायद्यात पैसा न लावता खेळल्या जाणाऱ्या खेळांना वेगळं ठेवलं. कायद्याला जो फरक कळला तो आपल्याला का कळू नये? सट्टा लावणाऱ्या मुलाला सांगितलं जातं, तू जिंकणारच, आत्ता, एका बोटाच्या टिचकीने. हरलास तर आणखी पैसे लाव. फजित वीराचा खेळ नेमकं याच्या उलट शिकवतो. ३६ पैकी १५. तू बहुधा फसशील. फसलास तर खूण कर, मदत माग आणि पुन्हा ये. सट्ट्याच्या ॲपपासून मुलाला वाचवायला दुसरं काही सापडेल की नाही मला माहीत नाही, पण शक्यता म्हणजे काय हे स्वतःच्या हाताने फासे टाकून शिकलेला मुलगा ‘पक्की टिप’ म्हणणाऱ्याकडे संशयाने पाहील, याची मला खात्री आहे.

आणि भनपुरीत हे शिकवणं चैनीचं नाही. बिलासपूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कारखाने आहेत, पलीकडे उरला आणि बीरगाव. इथली बहुतेक मुलं मोठी होऊन यंत्रावर, ट्रकवर, दुकानात किंवा दूरच्या शहरात कामाला लागणार. कुठलंही काम पहिल्या दिवशी कोणालाच येत नसतं. नवशिक्या पोराचा जीव यंत्रावर सर्वांत जास्त धोक्यात येतो तो त्याला येत नाही म्हणून नव्हे. येत नाही हे सांगायची त्याला लाज वाटते म्हणून. माहीत नसताना माहीत आहे असं दाखवून तो बटण दाबतो. ही लाज आपण त्याच्या मनात घातलेली असते, प्रत्येक गोष्टीत न चुकणारा नायक दाखवून. ‘मोला नइ आवय’ हे वाक्य मोठ्या माणसांसमोर, हसणाऱ्या सोबत्यांसमोर स्पष्ट बोलण्याचा सराव ज्याला मिळाला, त्याच्या बाबतीत मी निर्धास्त असेन.

शिबिराच्या आयोजकांना माझी विनंती साधी आहे. खेळ कार्यक्रमात घ्या. त्याला दोन फासे, कोरे कागद, पेन्सिली आणि दुपारचे दोन तास लागतात. पैसा लागत नाही. विरोध करणाऱ्या ज्येष्ठांपैकी एखाद्याने सूत्रधार व्हावं, मला आनंदच होईल, कारण महाभारत त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. राक्षसाच्या डोहाऐवजी त्यांनी मुलांना विराटाच्या गोशाळेबाहेर उभं करावं. समोर कौरवांचं सैन्य, हातात लगाम आणि कागदावर शौर्यापुढे शून्य. पण खेळ शमीच्या झाडाशी थांबवू नका, शल्याच्या रथापर्यंत न्या.